छतावर पंखा बसवताना जीव सांभाळा

पापड, शेवया, मसाले करणाऱ्या अनेक गटांच्या शेडवर आता घुमटासारखा फिरणारा पंखा दिसतो. त्याला टर्बो व्हेंटिलेटर म्हणतात. त्याला वीज लागत नाही. गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि वारा पंख्याची पाती फिरवतो, म्हणून आतली कोंदट हवा बाहेर ओढली जाते. मात्र ताजी हवा आत यायला खालच्या बाजूला खिडकी किंवा जाळी उघडी हवी. सगळं बंद ठेवलं तर पंखा नुसता शोभेचा. आणि मिरची कांडताना नाकातोंडाला फडकं बांधायचं ते बांधायचंच, कारण जवळ उडणारी पूड हा पंखा आवरू शकत नाही.

आज बोलायचं आहे ते पंखा वर चढवण्याबद्दल. गटाचे पैसे वाचावेत म्हणून आपण कुणाच्या तरी मुलाला किंवा घरच्या माणसाला म्हणतो, "जरा वर जाऊन बसवून दे." हे "जरा" फार महागात पडू शकतं.

सगळ्यात मोठा धोका सिमेंटच्या पत्र्याचा. तो दिसायला दणकट, पण उन्हापावसाने ठिसूळ झालेला असतो. माणसाचं वजन पडताच काही चाहूल न देता तो फुटतो आणि माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा पत्राही तसाच. जुन्या शेडवर त्यावर धूळ बसते, मग तो वेगळा ओळखूही येत नाही. "बोल्टच्या रांगेवर पाय ठेवला की झालं," असं काही मिस्त्री सांगतात. त्यावर विसंबू नका. पाय घसरला की तो पत्र्याच्या मधोमधच पडतो. शक्य असेल तर आतून परांची बांधून खालूनच काम करून घ्यावं. वर जावंच लागलं तर निदान दोन-तीन लोखंडी आडव्यांवर टेकेल अशी लांब, रुंद फळी टाकून ती बांधावी आणि तिच्यावरूनच वावरावं. सोबत पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट हवा, नुसता कमरेचा नको. त्याचा दोर कैचीला किंवा खांबाला बांधावा, पत्र्याला किंवा पाण्याच्या पाइपाला नाही. दोर इतका आखूड हवा की तोल गेला तरी माणूस जमिनीपर्यंत पोचणार नाही.

आता शिडी. ती चार फूट उंचीवर टेकत असेल तर पाया भिंतीपासून एक फूट दूर हवा. म्हणजे बारा फुटांना तीन फूट. वरचं टोक पत्र्याच्या कडेपेक्षा तीन फूट वर यावं आणि तिथे बांधलेलं असावं. शेडजवळून विजेची तार जात असेल तर लोखंडी शिडी आणि लांब पत्रे तिथे उभेच करू नका. आधी वीज कंपनीच्या माणसाकडून पुरवठा बंद करून घ्या.

पंखा वजनाला फार नसतो, पण आकाराने मोठा असतो. वारा त्याला ढकलतो आणि त्याच्याबरोबर माणसालाही. म्हणून तो हातात धरून शिडी चढू नये. शिडीवर दोन्ही हात शिडीलाच हवेत. पाती सुतळीने बांधून ठेवा, म्हणजे ती फिरणार नाहीत आणि बोटं कापणार नाहीत. दोर पात्यांना न बांधता खालच्या गळ्याला बांधा. एक दोर वर ओढायला, दुसरा खालून दिशा द्यायला. ओढणारा पक्क्या जागी उभा असावा, आणि पंखा वर जात असताना त्याच्याखाली कुणीही थांबू नये. आपली पोरं तर अंगणातही नकोत.

पत्रा कापताना सिमेंटची धूळ फुफ्फुसाला घातक असते. पत्रा ओला करून हातकरवतीने कापावा, चांगला मास्क लावावा, झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावं. कापलेलं भोक नुसत्या ताडपत्रीने झाकून जेवायला जाऊ नये. कुणीतरी त्यावर पाय देईल. पंख्याखालच्या पत्र्याची वरची कड वरच्या पत्र्याच्या आत आणि खालची कड खालच्या पत्र्यावर यावी. स्क्रू पन्हाळीत नको, उंचवट्यावर मारावेत, त्याखाली रबरी वॉशर हवा. नाहीतर पहिल्याच पावसात पापडाचं पीठ भिजेल. पंखा ओळंब्यात बसला तरच हलका फिरतो.

काम सकाळी लवकर, वारा शांत असताना करावं. पत्रा ओला असेल तर त्या दिवशी काम नको. इतकं करूनही कुणी पडलं, तर त्याला ओढून उठवू नका. मणक्याला मार असू शकतो. मान न हलवता तसंच ठेवा आणि १०८ ला फोन करा.

शेवटी एक सांगतो. मजुरी ठरवतानाच फळी, परांची आणि बेल्ट यांचे पैसे त्यात धरा आणि तसं गटाच्या ठरावात लिहा. पैसे आपले आहेत, शेड आपली आहे, तेव्हा "बेल्ट नाही तर काम नाही" हे सांगायचा अधिकारही आपलाच आहे. बाईमाणसाला यातलं काय कळतं, असं कुणी म्हणालं तर म्हणू द्या. वर गेलेला माणूस जसा गेला तसा खाली उतरला पाहिजे, एवढं आपल्याला नक्की कळतं.