केमोकाइन : औषध की रसायन?

गेल्या महिन्यात साताऱ्याहून आत्याचा फोन आला. तिला बरीच वर्षे ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे; सकाळी बोटे वळत नाहीत. "अगं, तू लॅबमध्येच असतेस ना? तिकडे शुद्ध मानवी प्रथिन मिळतं म्हणे. येताना एक कुपी आण." तिच्या नातवाने एका सूचिपत्रात 'रिकॉम्बिनंट ह्यूमन आयएल-८' असे वाचले होते. 'ह्यूमन' या शब्दाने घोटाळा केला.

आयएल-८ हे केमोकाइन, म्हणजे पेशींना हाक मारणारे छोटे प्रथिन. जंतू शिरले की तिथल्या पेशी ते सोडतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्या दिशेने धावतात. प्रयोगशाळेसाठी ते बहुधा ई. कोलाय जिवाणूत मानवी जनुक घालून तयार करतात. कुपीत जेमतेम काही मायक्रोग्रॅम भुकटी असते, कित्येकदा डोळ्यांना दिसतही नाही! पेशी कशा सरकतात हे पाहायला ती वापरतात. वर बारीक अक्षरांत लिहिलेले असते : फक्त संशोधनासाठी.

संधिवाताने सुजलेल्या सांध्यात आयएल-८ आधीच वाढलेले असते. ते आणखी टोचणे म्हणजे आगीत तेल. शिवाय अशी कुपी माणसाला टोचण्याच्या कसोटीवर तपासलेली नसते, आणि मात्रा तर कोणीच ठरवलेली नसते.

मग इन्शुलिन? तेही जिवाणूंकडूनच करून घेतात. पण १९८२ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्यावर. संधिवातावरचे अडॅलिमुमॅबही याच तंत्राचे अपत्य. ते मात्र टीएनएफ नावाचा सुजेचा निरोप अडवते.

आता खर्चाचे. आपल्याकडे आयर्लंडमध्ये मधुमेहाची औषधे दीर्घकालीन आजार योजनेत मोफत मिळतात. ऱ्हुमॅटॉइड संधिवात त्या यादीत नाही; परंतु ड्रग्ज पेमेंट स्कीममध्ये नाव नोंदवल्यास मान्यताप्राप्त औषधांसाठी संपूर्ण कुटुंबाला महिन्याला ८० युरोंपेक्षा जास्त द्यावे लागत नाहीत (ही मर्यादा मार्च २०२२ पासूनची). नावनमध्ये नव्याने आलेल्या कुटुंबांनी हा अर्ज आधी भरावा. किमान वर्षभर इथे राहणाऱ्यांसाठीच ही सोय आहे, उन्हाळ्यात येणाऱ्या आईवडिलांना ती लागू नाही. त्यांची औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवीच.

आत्यासाठी पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांची वेळ घेतली आहे. जुने रिपोर्ट शोधून ठेवायला सांगितले आहेत.