दवबिंदू सत्तावीस

आक्षीत मे महिन्यात एका घराच्या दारात दर मंगळवारी बर्फाची गोणी उतरते आणि तो बर्फ मासळीसाठी नसतो, हे मला एका टेम्पोवाल्याने सांगितलं. बोटींचा बर्फ पोचवून परतताना तो ही गोणी तिथे टाकतो. “कंप्युटरला लागतो म्हणे,” एवढंच त्याला ठाऊक होतं. १ जूनला मासेमारीबंदी लागण्याआधीचे हे दिवस. या दिवसांत किनाऱ्यावर बर्फासाठी धावपळ असते, शेवटच्या फेऱ्या साधायच्या असतात. त्यातला वाटा कुणी संगणकासाठी मागतो आणि त्याला तो मिळतो, हे ऐकल्यावर मला जावंसंच वाटलं.

मुलगा पंचविशीतला. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेला, आणि आता नागाव-आक्षी पट्ट्यातल्या कॉटेजांचे एसी सांभाळतो. शनिवार-रविवार पर्यटकांचे, म्हणून छंदाला मंगळवार. त्याने आधीच बजावलं, नाव कुठे यायला नको. बाकी काहीही विचारा.

प्रोसेसरला कारखान्यातून एक वेग ठरवून दिलेला असतो. त्याच्या पुढे तो न चुकता किती पळेल हे शोधायचं आणि ठरलेल्या चाचणीवर ते मोजून दाखवायचं, हे ओव्हरक्लॉकिंग आणि बेंचमार्किंग. खेळ जुना आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आला, तेव्हा मदरबोर्डवरची बस ६६ मेगाहर्ट्झवरून १०० वर नेली की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चाले, आणि पुष्कळदा विनातक्रार चाले. ज्याच्या खिशात कमी पैसे त्यालाही वरच्या दर्जाचा वेग मिळे. आता कारखानेच प्रोसेसरमधला बहुतेक वेग आधी काढून घेतात. वर जो थोडा उरतो तो फार महागात पडतो.

किती महागात, ते त्याने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. त्याच्याकडचा कोअर आय९-१०९००के जुन्या बाजारातला, २०२० सालचा, १० कोअरचा. सगळे कोअर कामाला जुंपले की तो ४.९ गिगाहर्ट्झवर चालतो. याला तो ५.३ वर हवा. पाया १०० मेगाहर्ट्झचा तसाच ठेवून गुणक ४९चा ५३ करायचा, म्हणजे वेग ८ टक्के वाढला. पण त्या वेगात प्रोसेसर चुकू नये म्हणून व्होल्टेजही चढवावं लागतं, १.२५चं १.४०. उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. हिशेब केला तर ८ टक्के वेगासाठी ३५ टक्के जास्त उष्णता. दोन चौरस सेंटिमीटर सिलिकॉनमधून तीनशेच्या वर वॉट बाहेर काढायचे असतात, आणि पारा १०० अंशांवर गेला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून घेतो.

म्हणून बर्फ. पडवीच्या टोकाला असलेल्या खोलीत टेबलावर मदरबोर्ड उघडाच मांडलेला आहे, कॅबिनेट नाही. प्रोसेसरवर तांब्याचा वॉटर ब्लॉक, त्यातून दोन नळ्या निघतात त्या खाली ठेवलेल्या मासळीच्या थर्मोकोलच्या खोक्यात. खोक्यात जुन्या एसीतून काढलेली तांब्याची कॉइल, भोवती बर्फ आणि पाणी. नळ्यांतलं शुद्ध पाणी बंद फेऱ्यात फिरतं, बर्फाच्या पाण्याला शिवत नाही. ३०० वॉट उष्णता तासाला साधारण सव्वातीन किलो बर्फ वितळवते. हा आकडा त्याने तोंडपाठ सांगितला.

मला वाटलं होतं की या कामात सगळा भर प्रोसेसरवर असेल. पण तिथे पोचल्यावर त्याने मला आधी दाखवलं ते भिंतीवरचं छोटं यंत्र, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं. खोलीत ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के. त्याने मोबाइलवर आकडा काढला आणि म्हणाला, “आज सत्तावीस, ताई. म्हणजे जपून.”

सत्तावीस हा दवबिंदू. या हवेत कुठलीही वस्तू २७ अंशांच्या खाली गेली की तिच्यावर पाणी धरतं, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून धरतं तसं. साध्या पंख्याने किंवा बाजारातल्या वॉटर कूलरने प्रोसेसर कधीच खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. बर्फ आणला की येतो. त्याच्या नळ्यांतलं पाणी तीन-चार अंशांचं. ब्लॉक, त्याच्या भोवतीचं सॉकेट, मदरबोर्डची पाठ, सगळं २७च्या बरंच खाली. वीज खेळत्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब ओघळला की संपलं.

पुण्यात मे महिन्यात पारा ३८ वर असतो, पण आर्द्रता २५ टक्के धरली तर दवबिंदू १५च्या आसपासच राहतो. म्हणजे घाटावरच्या उन्हात जे काम जरा निष्काळजीपणे केलं तरी खपून जातं, ते इथे, पाच अंश कमी उन्हात, खपत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या छंदाच्या गप्पांत प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम यांची नावं येतात. हवेचं नाव येत नाही, कारण हे खेळणारे बहुतेक जण कोरड्या किंवा वातानुकूलित खोलीत बसलेले असतात. या मुलाच्या वहीत मात्र पहिला रकाना हवेचा आहे.

“एसी लावून खोली कोरडी का करत नाहीस?” मी विचारलं.

“करून बघितलं. दार उघडलं की आई आत येते, आईबरोबर समुद्र आत येतो. परत सत्तावीस.”

मग तो पाण्याला अडवायला बसतो. या पायऱ्या जगभर एकच आहेत: सॉकेटभोवती व्हॅसलिन, पाठीमागे काळा फोम, सांधे कागदी टॉवेलने गुंडाळायचे. पण तो ज्या निगुतीने व्हॅसलिन लावतो ते बघत राहावं असं आहे. सॉकेटभोवतीच्या बारीक कपॅसिटरांच्या ओळींमध्ये तो बोटाच्या टोकाने ते दाबत नेतो, हवेचा बुडबुडा राहिला तर काडीने काढतो, पुन्हा भरतो. बुडबुडा राहिला तर त्यातली हवा तिथेच गार होऊन पाणी सोडते. त्या खोलीत व्हॅसलिनचा गोडसर वास आणि बर्फाच्या गोणीला चिकटून आलेला मासळीचा वास एकत्र होतात. तो वास मला घरी आल्यावरही आठवत राहिला, आणि पुन्हा एकदा मंगळवार गाठून मी तिकडे गेले त्याला ते एक कारण होतं.

खाऱ्या हवेचा त्रास वेगळाच. तांब्याच्या पाकळ्या हिरव्या पडतात, रॅमच्या सोनेरी पट्ट्या मंद होतात. काम झालं की तो सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बर्फाच्या कामाचं सामान सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डबा क्वचितच उघडतो.

चाचणी सुरू झाली की बघण्यासारखं फारसं काही नसतं. सिनेबेंच नावाचा प्रोग्रॅम एकच चित्र चौकोना-चौकोनाने पुन्हा पुन्हा रंगवत जातो, १० मिनिटं, आणि शेवटी गुण देतो. पंप घुमतो. बर्फ मधूनच खचतो. त्याची नजर चित्रावर नसतेच, ती तापमानाच्या आकड्यावर आणि नळीच्या सांध्यावर असते. एका हातात टॉवेल.

गुण आला तो सतरा हजारांच्या वरचा. त्याच्या वहीतल्या आधीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा. मी अभिनंदन करणार तेवढ्यात त्याने विंडोजची नोंदवही उघडली, ज्यात यंत्राच्या आतल्या चुका लिहिल्या जातात. तिथे एक ओळ होती. प्रोसेसरची एक चूक झाली होती आणि त्यानेच ती दुरुस्त करून घेतली होती. पडद्यावर काही दिसलं नव्हतं, चित्र नीट उमटलं होतं, गुण खरा होता. त्याने वहीतल्या आकड्यावर आडवी रेघ मारली.

“यादीत चालला असता की,” मी म्हटलं. त्याच्या बोलण्यातूनच मला कळलं होतं की असे गुण ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांच्या यादीत नोंदवताना पडद्याचं चित्र पुरतं, आतली नोंदवही कुणी मागत नाही.

“चालला असता. पण त्याने आत चूक केली ना.”

या क्षणापाशी मी पुन्हा पुन्हा येते. वेगाचं वेड असलेला मुलगा बघायला गेले होते आणि समोर बसला होता तो चुकीचा शोध घेणारा. प्राइम९५ हा प्रोग्रॅम मुळात मोठ्या अविभाज्य संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. ओव्हरक्लॉकिंग करणारे तो यंत्राचा दम तपासायला वापरतात, कारण त्यातल्या गणिताचं उत्तर आधीच माहीत असतं. उत्तर जराही ढळलं की तो थांबतो आणि सांगतो, ०.५ आलं, ०.४च्या खाली हवं होतं. त्या मुलाला हा निरोप सगळ्यात आवडतो. निळा पडदा येऊन यंत्र बंद पडलं तर काहीच कळत नाही, असं तो म्हणतो; हे निदान कुठे चुकलं ते सांगतं.

आक्षीहून अलिबाग जवळच. तिथल्या चुंबकीय वेधशाळेची मला त्या दिवशी आठवण झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची चुंबकीय मापनं बिघडणार, म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली अलिबागला वेधशाळा उभी राहिली, चुंबकत्व नसलेलं बांधकामाचं सामान निवडून. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे एकमेकांशी जोडता येतील. मोजणाऱ्याने काय सांभाळायचं असतं, ते या दोन वर्षांत आहे. आकडा मोठा असण्यापेक्षा तो कुठल्या परिस्थितीत घेतला हे माहीत असणं मोलाचं. मुलाच्या वहीत दर ओळीला तारीख, वेळ, हवेचं तापमान, आर्द्रता, दवबिंदू, नळीतल्या पाण्याचं तापमान, आणि मग गुण. वेधशाळेचं हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने ती बाहेरून रोज बघितली होती, आत काय चालतं ते ठाऊक नव्हतं.

या खेळाची दुसरी बाजू झगमगीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये एल्मॉर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वीडिश खेळाडूने द्रवरूप हेलियम ओतून इंटेलचा आय९-१३९००के ९,००८ मेगाहर्ट्झवर नेला. ९ गिगाहर्ट्झची रेघ पहिल्यांदा ओलांडली गेली. हेलियम उकळतं उणे २६९ अंशांना. त्याच्याखालचा मान द्रवरूप नायट्रोजनचा, उणे १९६. तो नायट्रोजन रायगडातही आहे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत रेतमात्रा त्याच्याच कॅनमध्ये ठेवतात. मुलगा लहानपणी म्हैस घेऊन आजोबांबरोबर गेला होता, तेव्हा झाकण उघडल्यावर आलेला धूर त्याने बघितला होता. पण त्याने तो कधी मागितला नाही. एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो आणि बंद खोलीतला प्राणवायू बाजूला सारतो. गॅसचं काम शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. शिवाय ते जनावरांसाठी आलेलं असतं, असं तो म्हणाला. तो बर्फावर थांबला आहे याचा मला मनापासून आनंद आहे.

हे सगळं कशासाठी, असं विचारणारे घरातच आहेत. वडील विचारतात, या वेगाने काय लवकर होतं. खरं तर काहीच नाही. चाचणी संपली की तो प्रोसेसर पुन्हा ४.९ वर येतो आणि त्यावर कॉटेजांची बिलं टाइप होतात. चढ्या व्होल्टेजने सिलिकॉन हळूहळू झिजतं, हेही तो कबूल करतो. विजेबद्दल मात्र तो ऐकून घेत नाही. पूर्ण दमात त्याचं यंत्र पाचशे वॉटच्या आत राहतं आणि तासाभरात बंद होतं. तो ज्या खोल्यांचे एसी दुरुस्त करतो त्यातला दीड टनी एसी त्याच्या दुपटीहून जास्त वीज खातो, पर्यटक समुद्रावर गेलेले असतानाही. मी त्याच्या बाजूची आहे. ज्या कामाचं बिल फाडायचं नाही तिथेही चूक सोडायची नाही, ही सवय ज्याला लागली त्याने दुरुस्त केलेला एसी मी डोळे मिटून घेईन.

आईला या सगळ्यात एकाच गोष्टीत रस आहे. “झालं का तुझं? दे तो बर्फ,” म्हणत ती खोका ओढते. कॉइल काढून ठेवली की उरलेला बर्फ स्वच्छच असतो. तो तिच्या बांगड्यांवर आणि कोळंबीवर जातो. खोका मुळात तिचाच.

आता बंदीचे दोन महिने बर्फ येणार नाही. पावसात आर्द्रता नव्वदीवर, तेव्हा तो बर्फाच्या नादाला लागतच नाही. पंख्यावर चालणारं काम करतो, रॅमचे टायमिंग एकेक आकड्याने कमी करत बसतो, ज्याला रात्र-रात्र लागते. त्याचा खरा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की पहाटे त्याच्या वहीतला सत्तावीसचा आकडा सोळा-सतरावर उतरतो, आणि खोलीची हवाही वीस अंशांच्या खाली. ५.३ त्याला तेव्हाच घ्यायचं आहे, नोंदवहीत एकही ओळ न येता. अडचण एवढीच की पहाटेची वेळ बोटींचीही असते. टेम्पोवाल्याशी त्याचं बोलणं झालं आहे: आधी बोटी भरतील, मग गोणी. सूर्य वर यायच्या आत ती दारात पोचली तर चाचणी, नाहीतर दुसऱ्या मंगळवारी.