हिरड्याचा पंचनामा

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. पुढचे काही दिवस आपण अलिबाग-श्रीवर्धनकडची उडालेली छपरं आणि आडव्या पडलेल्या नारळी-पोफळी पाहत होतो. वादळ मात्र किनाऱ्यावर थांबलं नव्हतं. ते सह्याद्री चढून पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांतून नाशिककडं गेलं. जाता जाता जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले हिरडे मोडून गेलं.

हिरडा म्हटला की आपल्याला त्रिफळा आठवतो आणि विषय संपतो. आहुपे, तिरपाड, आसाणे, आंबे-हातवीज, घाटघर या बाजूच्या महादेव कोळी आणि ठाकर घरांत तो वर्षाचा रोख पैसा असतो. भात, नाचणी, वरई घरात खायला लागते, विकायला फारसं उरत नाही. मीठमिरची, मुलांची वह्यापुस्तकं, दवाखाना आणि पावसाळ्याची बेगमी निघते ती बाळहिरड्यावर. चैत्र-वैशाखात कोवळं फळ झाडावर चढून झोडायचं, खालचं वेचायचं, कातळावर किंवा अंगणात वाळवायचं. वाळून ते काळं, सुरकुतलेलं झालं की व्यापाऱ्याला नाहीतर आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर घालायचं. झाडावर चढतात बहुधा पुरुष. वेचणं, वाळवणं, आभाळ भरून आलं की धावत जाऊन गोळा करणं आणि पुन्हा पसरणं हे बायकांचं काम. कोणत्या झाडाला यंदा बहर धरला, कोणत्याचा गळाला, हे त्यांना बरोबर ठाऊक असतं.

वादळानंतर पंचनामे झाले. पण कागदावर अडचण निघाली. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीचे निकष शेतातलं पीक आणि फळबाग ओळखतात; डोंगरउतारावर आपसूक वाढलेला हिरडा त्यात कुठं बसवायचा? तो कुणी लावला नाही, त्याला पाणी दिलं नाही, त्याची पीकपाहणी कधी झाली नाही. तीन पिढ्यांचं घर ज्यावर चाललं ते झाड सरकारी नोंदीत उत्पन्नाचं साधन ठरत नव्हतं. या भरपाईसाठी किसान सभेच्या लाल झेंड्याखाली मोर्चे निघाले, उपोषणं झाली, घोडेगाव-जुन्नरच्या कचेऱ्यांपुढं माणसं बसली आणि त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या. मागणी मान्य व्हायला मध्ये तीन-चार पावसाळे गेले.

मला हे सांगणं महत्त्वाचं वाटतं, कारण जगाच्या भाषेत या मागणीला एक भारदस्त नाव आहे. हवामान बदलानं झालेल्या हानीची भरपाई, ज्यांनी हवा तापवली त्यांनी, ज्यांचं नुकसान झालं त्यांना द्यावी, ही मागणी छोटी बेटं आणि गरीब देश तीस वर्षं करत होते. त्यासाठी वेगळा निधी उभारायचं नोव्हेंबर २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेख इथल्या परिषदेत ठरलं. आंबेगावातल्या डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या बायका त्याच्या दोन वर्षं आधीपासून तेच मागत होत्या. त्यांच्या तोंडी ‘हवामान न्याय’ हा शब्द नव्हता. ‘हिरड्याची भरपाई’ हे दोन शब्द होते. अमेरिकेत माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, भारतात सरासरी २ टनांच्या आसपास. चुलीवर भाकरी भाजणाऱ्या आणि एसटीनं बाजाराला जाणाऱ्या घराचा वाटा त्या सरासरीच्याही कितीतरी खाली असणार. तरी वादळाचा मार मोजून घ्यायला रांगेत उभं राहावं लागलं त्यांनाच.

उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांतल्या शीला वॉट-क्लूटियर या बाईंनी डिसेंबर २००५ मध्ये अमेरिका खंडाच्या मानवी हक्क आयोगाकडं अर्ज केला होता. अमेरिकेच्या धुराड्यांमुळं आमचा बर्फ वितळतो आहे, आमची शिकार, आमच्या वाटा, आमचं जगणं जातं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अर्ज पुढं चालला नाही. पण बर्फ हा हक्काचा विषय असू शकतो, हे त्या अर्जानं जगाला पहिल्यांदा ऐकवलं. बर्फाच्या जागी हिरडा ठेवून पाहा, आंबेगावची मागणी समजते.

आता या खोऱ्यांची घडण थोडी सांगायला हवी, नाहीतर एका वादळाचीच गोष्ट होईल.

भीमाशंकरच्या माथ्यावर पाऊस मोजायला मीटर लागतात, इतका तो पडतो. तरी उन्हाळ्यात याच गावांतल्या बायका आटलेल्या झऱ्यापाशी हंडा घेऊन बसतात. काळ्या कातळावरून पाणी घसरून जातं आणि खाली धरणांत साठतं. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणं या दोन तालुक्यांतली आहेत. त्यांचं पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोचतं. तिथं ऊस उभा राहिला, द्राक्षं आली. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते आंबेगावातल्याच महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत विलायती कापडाच्या ट्रकपुढं त्यांनी देह ठेवला. त्या जलाशयाखाली दोन डझनांच्या आसपास गावं पूर्ण किंवा अर्धीमुर्धी गेली, त्यांत ज्याच्या नावानं तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगावही होतं. नदीकाठची भाताची चांगली खाचरं बुडाली आणि माणसं उतारावर सरकली. त्याच काळात, १९८५ मध्ये, माथ्याचं जंगल भीमाशंकर अभयारण्य झालं. खालून पाणी चढलं, वरून कायद्याची हद्द उतरली. मधल्या उतारावर शेती कशी करायची, हा प्रश्न हवामान बदल हा शब्द गावात येण्याआधीच पडला होता.

त्याचं उत्तर पडकईत होतं. पडकई म्हणजे दहा-पंधरा घरांनी एकत्र येऊन आळीपाळीनं एकमेकांच्या उतारावर खाचरं काढणं. आज तुझ्या शेतावर, उद्या माझ्या. दगड फोडून ताल रचायचा, वरची माती खाली ओढून सपाटी करायची, पाणी निघायला वाट ठेवायची. पाट्या वाहण्याचं, दगड हातोहात देण्याचं निम्मं काम बायकांचं. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. श्रम हेच चलन. पावसाळ्यात वाहून जाणारी माती अशी अडली की जिथं वरई-नाचणीही जेमतेम यायची, तिथं भात उभा राहतो.

कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर या जोडप्यानं या भागात येऊन राहून जे काम केलं, त्यात पडकईला रोजगार हमीची मजुरी मिळवून देणं हे मला सर्वांत दूरदृष्टीचं वाटतं. ‘शाश्वत’ ही त्यांची संस्था. धरणाचं पाणी उतरताना उघडी पडणारी गाळपेर जमीन विस्थापितांना कसायला मिळावी, जलाशयातल्या मासेमारीचा हक्क बाहेरच्या ठेकेदाराऐवजी तिथल्या कातकरी आणि कोळी कुटुंबांच्या सहकारी संस्थेला मिळावा, यासाठीही ते भांडले. २०१२ मध्ये शाश्वतला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पण त्या बक्षिसाचं खरं भांडवल डोंगरात आधीपासून होतं. पडकई कुणा तज्ज्ञानं शोधलेली नाही. बाहेरून आलेल्या शहाण्या माणसांनी ती ओळखली आणि तिला सरकारी मजुरीच्या यादीत जागा मागितली. कुसुमताईंचं मोठेपण मला त्यात दिसतं.

३० जुलै २०१४ च्या सकाळी याच आंबेगावातल्या माळीण गावावर डोंगर आला. एसटीचा चालक नेहमीच्या वाटेनं गेला तर गाव जागेवर नव्हतं. १५१ माणसं गेली. दरड का कोसळली, यावर पुष्कळ बोललं-लिहिलं गेलं: आदल्या दिवसांतला धो धो पाऊस, खडकावरची सुटी झालेली जाड माती, उतारावर केलेलं सपाटीकरण. त्यात पडकईवरही बोट ठेवलं गेलं. इथं थांबून नीट पाहायला हवं. हातानं काढलेलं खाचर डोंगराच्या कलानं जातं. दगड जिथं निघतो तिथं बांध वळतो, पाण्याची जुनी वाट मोकळी राहते, कारण काढणाराच खाली राहत असतो. यंत्र दोन दिवसांत आख्खी टेकडी तासतं आणि निघून जातं. दोन्हींना एकच नाव देऊन ‘आदिवासींच्या शेतीपद्धतीनं दरड आणली’ म्हणणं अन्यायाचं आहे. हवामान बदलाच्या काळात पाऊस थोड्या तासांत जास्त कोसळू लागला आहे, हे अनेक अभ्यास सांगतात. अशा वेळी उतार कुणी, कशानं आणि कुणाला विचारून फोडायचा, हे गावानं ठरवायला हवं. गाव म्हणजे फक्त पारावरचे पुरुष नव्हेत, पाट्या वाहणाऱ्या बायकाही. २०१७ मध्ये आमडे इथं नवं माळीण वसलं. जुन्या जागी आज स्मारक आहे.

आवणीच्या दिवसांत या भागात गेलात तर पाऊस कसा बदलला ते बियाण्यातून कळतं. भाताचे तीन वर्ग बायकांच्या हिशेबात पक्के असतात: हळवं, निमगरवं आणि गरवं. लवकर येणारं हळवं माथ्याकडच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरात. उशिरा येणारं गरवं खालच्या ओलीत. मृग कोरडा गेला आणि राबावरची रोपं करपली, तर कोणतं बी पुन्हा टाकता येईल, हे या वर्गवारीवर ठरतं. पुन्हा टाकायला बी घरात असलं पाहिजे, ही त्यातली अट. दुकानाच्या पिशवीतलं एकच वाण सगळीकडं लावलं आणि ऐन कापणीत ऑक्टोबरचा पाऊस कोसळला, तर सगळं एकदम आडवं होतं. गाडग्यात राख घालून चार जातींचं बी राखणारी म्हातारी हा त्या घराचा विमा असतो.

जुन्नरची उत्तरेकडची डोंगररांग ओलांडली की अकोले तालुका लागतो. तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे याही महादेव कोळी. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वाल-घेवड्याच्या, भाताच्या, रानभाज्यांच्या गावठी वाणांची बँक उभी केली. बाएफ संस्थेनं त्यांना हात दिला, २०१८ मध्ये बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं आणि २०२० ची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. त्यांचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहेच. पण ‘बीजमाता’ म्हणून एकीला हार घालताना, प्रत्येक वाडीवर तिच्यासारखंच काम करणाऱ्या बायकांना आपण ‘शेतकऱ्याची बायको’ म्हणत राहतो. शेतकरी म्हणून त्यांचं नाव सात-बारावर नसतं. पीक गेलं की भरपाई ज्याचं नाव कागदावर त्याच्या खात्यात जाते.

म्हणून मला भरपाईच्या या चळवळीचा गाभा नोंदीत दिसतो. झाडाची नोंद, श्रमाची नोंद, बाईची नोंद. यासाठी लागणारा कायदा आपल्याकडं आहे. २००६ चा वनहक्क कायदा गौण वनउपजावर, म्हणजे हिरड्यावरही, पिढ्यान्‌पिढ्या वेचणाऱ्यांची मालकी मान्य करतो. गावानं राखलेल्या जंगलाचा सामूहिक हक्क तो ग्रामसभेला देतो. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वनहक्कांसाठीच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. वनहक्क समितीतही एकतृतीयांश जागा त्यांच्या आहेत. दोन्ही तालुक्यांची पश्चिमेकडची गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, म्हणजे पेसा कायद्यानं ग्रामसभेचा शब्द आणखी वजनदार होतो. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, आणि अनेक ठिकाणी सरपंच आदिवासी बाई असते. खुर्ची मिळाली तरी बोलू दिलं जातंच असं नाही, सही मागून घेणारे घरातलेच असतात, हेही खरं. तरी ज्या बाईनं भरपाईसाठी कचेरीपुढं रात्र काढली, तिला ग्रामसभेत गप्प बसवणं पूर्वीइतकं सोपं राहत नाही.

मे महिन्यातच पाऊस उतरल्याचं आपण २०२५ साली पाहिलं. २६ मेला मोसमी वारे मुंबईत पोचले, आधीच्या कित्येक दशकांत ते इतक्या लवकर आले नव्हते. शहरात आपण छत्र्या शोधल्या. कातळावर हिरडा वाळत असताना असा पाऊस आला तर फळाला बुरशी धरते, भाव पडतो. वादळाचा निदान पंचनामा होतो. भिजलेल्या हिरड्याचा होत नाही.

दिवाळी अंक मुंबई-पुण्यात नोकरीला असलेल्या, सुटीत जुन्नर-आंबेगावच्या गावी जाणाऱ्या कितीतरी वाचकांच्या हाती पडतो. त्यांना एक विनंती आहे. वनहक्क कायद्याचं कलम ४(४) सांगतं की विवाहित दावेदाराचा हक्क पती आणि पत्नी दोघांच्या नावे नोंदला पाहिजे. या दिवाळीत घरी गेलात की दाव्याचा कागद बाहेर काढा आणि त्यावर आईचं नाव आहे का ते पाहा. नसेल, तर येत्या ग्रामसभेला तिला सोबत घेऊन जा आणि तिच्या तोंडून ते मागू द्या.