कॅमेऱ्याशी मैत्री : भाग ९
चारमिनार मावेल अशी लेन्स

गेल्या भागात ५० मिमीच्या लेन्सची ओळख झाली. ती घेऊन चारमिनारसमोर उभं राहिलं की लगेच मागे सरकावंसं वाटतं. १५९१ सालची ही वास्तू सुमारे ५० मीटर उंच आहे. पत्थरगट्टीच्या रस्त्याने मागे जावं, तर मधे गुलजार हौज, कमानी, हातगाड्या, रिक्षा आणि विजेच्या तारा यांची भर पडत जाते. म्हणून वाइड अँगल हवी. पण किती वाइड? २८, २४, २० की थेट १४ मिमी? झूम न घेता प्राइमच घ्यायची, तर हा निर्णय पैसे मोजण्याआधीच करावा लागतो. माझं ठाम मत आहे की तो घरी कागद आणि मोजपट्टी घेऊन करावा.

हिशोब सोपा आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. समोरच्या वस्तूच्या अंतराला ३६ने गुणायचं आणि फोकल लेंग्थने भागायचं, की आडव्या फोटोत किती रुंदीचं दृश्य येईल ते कळतं. चारमिनारलगतच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घडवणाऱ्या एखाद्या कारागिरापासून तुम्ही दीड मीटरवर बसला आहात असं समजा. तो निखाऱ्यांवर लाख मऊ करतोय, कांडी लांबवून तिचं कडं वळवतोय, आणि लाख गरम आहे तोवर एकेक खडा दाबून बसवतोय. ३५ मिमी लेन्सला दीड मीटर रुंदी दिसेल, म्हणजे कारागीर आणि त्याची शेगडी. २८ला १.९ मीटर दिसेल, म्हणजे शेजारी ठेवलेल्या बांगड्याही आल्या. २४ला सव्वादोन मीटर दिसेल, त्यात मागची चमचमती मांडणी आणि दाराशी घासाघीस करणारं गिऱ्हाईकही येईल. दुकान एवढं अरुंद की मागे सरकायला जागाच नाही, त्यामुळे इथे निवड लेन्सनेच करायची.

आता चारमिनारकडे वळू. कॅमेरा उभा धरा आणि ओळंब्यात ठेवा, म्हणजे वर-खाली अजिबात न कलवता. क्षितिज चौकटीच्या मध्यावर येईल आणि मिनाराचं टोक वरच्या कडेला टेकवायचं असेल, तर ३५ मिमीने सुमारे ९४ मीटर मागे जावं लागेल. २८ला ७५, २४ला ६५, २०ला ५४ आणि १४ला ३८ मीटर. एवढं मागे जाता येत नाही, म्हणून बहुतेक जण कॅमेरा वर उचलतात. मग मिनार वर जाताना एकमेकांकडे झुकू लागतात. लेन्स जितकी वाइड आणि तुम्ही जितके जवळ, तितकं हे झुकणं ठळक दिसतं. इंटरनेटवर असे फोटो ढिगाने आहेत. वास्तूचा भक्कमपणा त्यात हरवतो, आणि मला ते पाहवत नाहीत.

या अडचणीवर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फोटोग्राफरांकडे चोख उपाय होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी हैदराबादच्या वास्तू टिपल्या त्या काचेच्या मोठ्या प्लेटवर. रुडकीला अभियांत्रिकी शिकलेले दीनदयाळ इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. तिथेच तुकोजीराव होळकरांनी त्यांना छायाचित्रणासाठी पाठबळ दिलं, म्हणजे या कथेत एक मराठी दरबारही आहे. त्या काळच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यांत पुढचा भाग वर सरकवता येई. प्लेट ओळंब्यातच राही, भिंग तेवढं वर जाई, त्यामुळे रस्ता कमी आणि शिखर जास्त चौकटीत येई, भिंतीही सरळ राहत. दीनदयाळांच्या २८५७ काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्या संग्रहातली इमारतींची छायाचित्रं लेन्स घेण्याआधी जरूर पाहा, आणि खांबांच्या, भिंतींच्या उभ्या रेषांवर नजर ठेवा.

भिंग असंच वर सरकवू देणाऱ्या शिफ्ट लेन्स आजही मिळतात, कॅननची १७ मिमी आणि निकॉनची १९ मिमी या त्यातल्या नावाजलेल्या. पण त्या महाग आहेत, जड आहेत आणि त्यांचं फोकस हातानेच करावं लागतं. त्याच तत्त्वाचा गरिबाघरचा अवतार असा : २० मिमीची साधी लेन्स उभी, ओळंब्यात धरा आणि नंतर खालचा तृतीयांश रस्ता कापून टाका. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्यातले ३० उरतात. भिंतीवर मोठी प्रिंट लावायला ते भरपूर झाले.

मग सगळ्यांनी २० किंवा १४च का घेऊ नये? कारण जुन्या शहरात चौकट कधी रिकामी नसते. कडेला कुणीतरी असतंच, आणि वाइड लेन्स कडेच्या चेहऱ्याला बाहेरच्या बाजूला ताणते. हा लेन्सचा दोष नाही, सपाट सेन्सरवर रुंद कोन उतरवण्याची ती किंमत आहे. २८ मिमीवर अगदी कडेला असलेला चेहरा सुमारे १.२ पट रुंद दिसतो, २४वर सव्वा पट, २०वर १.३पेक्षा थोडा जास्त आणि १४वर १.६ पट. सव्वा पट नजर निभावून नेते. दीडपटीच्या पुढे मात्र माणसाची थट्टा झाल्यासारखी वाटते. चहा पीत उभ्या असलेल्या कुणा आजोबांचा चेहरा असा ताणण्याचा आपल्याला काय अधिकार?

अॅपर्चरबद्दल थोडक्यात. एफ १.४चं आकर्षण मला समजतं, पण वजनही पाहा. सोनीची २४ मिमी एफ १.४ लेन्स ४४५ ग्रॅमची आहे आणि तिचीच २४ मिमी एफ २.८ फक्त १६२ ग्रॅमची. कॅननची २८ मिमी एफ २.८ तर १२० ग्रॅममध्ये बसते. दिवसा एफ ८ला २४ मिमी लेन्स सुमारे अडीच मीटरवर फोकस केली, की सव्वा मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. तिथे १.४चा उपयोग नाही. रमजानमधल्या रात्रीच्या बाजारात मात्र आहे. चौमहल्ला राजवाड्यातली झुंबरं शटर मंदावूनही, बॉडीतल्या स्थिरीकरणाच्या भरवशावर टिपता येतात. पण चालणारी माणसं त्याने थांबत नाहीत, त्यांना उजेडच लागतो. मधला मार्ग म्हणून एफ १.८ उत्तम.

रात्रीसाठी लेन्स घेत असाल तर दुकानातच परीक्षा घ्या. अॅपर्चर पूर्ण उघडा, एखादा छोटा दिवा चौकटीच्या कोपऱ्यात आणा आणि पडद्यावर मोठा करून पाहा. दिव्याचा ठिपका ठिपकाच राहिला तर ठीक. त्याला पंख फुटलेले दिसले, तर रोषणाईने लखलखणाऱ्या रस्त्याच्या फोटोत चारही कोपऱ्यांत तेच दिसणार.

हैदराबादसाठी एकच वाइड प्राइम घ्यायची तर मी २४ मिमी एफ १.८ सुचवेन. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीइतकाच कोन पाहतो, त्यामुळे या रुंदीची नजर आपल्याला आधीच बसलेली आहे. ३५ मिमी आधीच जवळ असेल आणि ओढा कुतुबशाही मकबरे, पायगा मकबरे, गोवळकोंडा अशा वास्तूंकडे असेल, तर २० घ्या. माणसांचेच फोटो काढायचे असतील तर २८. आणि १४? रात्रीच्या ताऱ्यांसाठी तिला तोड नाही, पण चारमिनारच्या आसपास तारे दिसायचे कुठून!

पुढच्या भागात : ओळंबा साधायचा कसा, ट्रायपॉडने आणि ट्रायपॉडशिवाय.