ऑनलाइन सादरीकरण : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्रासारख्या अहोरात्र पाळ्यांनी चालणाऱ्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या मनुष्याला महाविद्यालयाच्या घंटेबरहुकूम हजेरी लावणे अशक्यप्राय असते, आणि अशा नोकरदारांनाही पदवीचा मार्ग खुला व्हावा म्हणून नाशिक येथे १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. परंतु दूरस्थ विद्यार्थ्याचे मूल्यमापन ऑनलाइन सादरीकरणाने करावे असे कोणी सुचविले, की ज्या हरकती निघतात त्यांतील बहुतेक गैरसमजावर उभ्या असतात.

सर्वांत प्रचलित समज असा की, घरबसल्या केलेल्या सादरीकरणात लबाडीला मोकळे रान मिळते. वस्तुतः अभ्यासकेंद्रात दाखल करावयाच्या लेखी स्वाध्यायाची नक्कल उतरविणे याहून कितीतरी सुलभ आहे. आता तर तो यंत्राकरवी लिहवूनही घेता येतो. सादरीकरण संपताच मात्र संमंत्रकाने (अभ्यासकेंद्रातील मार्गदर्शक शिक्षकाने) ‘हा आकडा कोठून घेतला?’, ‘दुसरी पद्धत का स्वीकारली नाही?’ असे दोन-तीन प्रश्न विचारले, की ज्याने विषय स्वतः आत्मसात केलेला नाही त्याची तयारी तेथल्या तेथे उघडी पडते. प्रकल्प-अहवालानंतर तोंडी परीक्षा घेण्यामागचा एक हेतूही हाच असतो. प्रश्नोत्तरे गाळून केवळ पडद्यावरील स्लाइड पाहून गुण देणाऱ्या पद्धतीस मूल्यमापन म्हणणे मला तरी मान्य नाही.

सादरीकरणामुळे लेखी परीक्षाच रद्द होईल, ही भीतीही अनाठायी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मुक्त व दूरस्थ अभ्यासक्रमांत, सादरीकरण ज्यात मोडते त्या सातत्यपूर्ण मूल्यमापनाचा भार जास्तीत जास्त ३० टक्के, तर सत्रान्त परीक्षेचा किमान ७० टक्के आहे.

महागडी उपकरणे व वेगवान इंटरनेट यांवाचून हे साधणार नाही, असेही म्हटले जाते. साधा स्मार्टफोन बहुधा पुरतो. स्लाइड आगाऊ पाठवून, कॅमेरा बंद ठेवून केवळ आवाजावर बोलल्यास डेटा फारच थोडा लागतो, आणि रात्रपाळीच्या विद्यार्थ्याला ध्वनिचित्रमुद्रण मुदतीत पाठविण्याची व प्रश्नोत्तरांपुरते नंतर दूरध्वनीवर बोलण्याची मुभा देता येते.

उरतो तो आक्षेप खरोखर गंभीर आहे : वाक्पटू विद्यार्थी बाजी मारतो आणि खेड्यातला, अबोल परंतु अभ्यासू विद्यार्थी मागे पडतो. निकषांविना गुण दिले तर असे होणारच. म्हणून आशय, पुरावा, मांडणी आणि प्रश्नांची उत्तरे यांस किती गुण, हे आधी जाहीर करावे, भाषेच्या सफाईला अल्प वाटा ठेवावा आणि बोलीभाषेतील उच्चारांसाठी गुण कापू नयेत. शिवाय सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण जपून ठेवल्यास दुसऱ्या परीक्षकाकडून खातरजमा करविता येते. वर्गातील भाषणाच्या बाबतीत ही सोय सहसा नसते. ज्या अभ्यासकेंद्रात गुणांचा हा तपशील सत्रारंभी हाती दिला जात नसेल, तेथील विद्यार्थ्यांनी लेखी अर्ज करून तो अवश्य मागून घ्यावा.