क्रेट परत येतो, पिशवी येत नाही

पहाटे दुधाचा टेम्पो दुकानापुढे थांबतो, भरलेले क्रेट उतरतात आणि आदल्या दिवशीचे रिकामे क्रेट त्याच टेम्पोतून डेअरीत परततात. क्रेटही प्लास्टिकचाच; पण तो धुऊन वर्षानुवर्षं वापरला जातो आणि त्यासाठी जनजागृतीचे फलक लावावे लागत नाहीत. त्यातून आलेली पिशवी मात्र सकाळच्या चहाबरोबरच कचऱ्यात जमा होते. चक्राकार अर्थव्यवस्थेवर आपल्याकडे परिसंवाद पुष्कळ झडतात, पण तिची मेख इथे आहे. क्रेट डेअरीच्या मालकीचा असतो, तो हरवला तर कुणाला तरी भुर्दंड पडतो. पिशवी एकदा विकली की ती कुणाचीच नसते.

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत हे बरोबर हेरलं होतं. दुधाच्या पिशवीवर सरसकट बंदी न घालता ती ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि तिच्यावर किमान ५० पैसे परताव्याची रक्कम छापलेली हवी, अशी अट घातली. राज्यात रोज सुमारे एक कोटी पिशव्या, म्हणजे ३१ टन प्लास्टिक, हा सरकारने २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलेला आकडा. भागाकार केला तर एक पिशवी जेमतेम तीन ग्रॅमची. किलोभर वजन व्हायला सव्वातीनशे पिशव्या धुऊन, वाळवून साठवाव्या लागतात आणि भंगारवाला त्याचे मोजके रुपये टेकवतो. पन्नास पैशांच्या हिशेबाने त्याच किलोचे १६० रुपये होतात. इतक्या पैशासाठी घरातलंच नव्हे, रस्त्यावरचंही प्लास्टिक वेचलं जाईल. पण परत आलेली पिशवी घ्यायची कुणी, ठेवायची कुठे, हे नीट बसलं नाही आणि योजना रुळलीच नाही.

मग सरळ आरे डेअरीच्या काचेच्या बाटल्या परत आणा, असं काही जण म्हणतात. रिकामी देऊन भरलेली घ्यायची ती पद्धत खरोखरच चक्राकार होती. मात्र काच जड, वाहतुकीला डिझेल जास्त आणि धुवायला गरम पाणी लागतं. शिवाय वेष्टनाचं मुख्य काम अन्न वाचवणं हे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं साठ टक्के घरांमधून. नासलेल्या लिटरभर दुधात वाया जाणारा चारा, पाणी आणि गोठ्यातले कष्ट तीन ग्रॅम प्लास्टिकपेक्षा कितीतरी महाग. म्हणून पिशवी राहू द्यावी, तिची परतवाट बांधावी.

दुकानदाराची तक्रार रास्त आहे: आंबूस वासाच्या पिशव्या त्याने फुकट का सांभाळाव्यात? त्याला हाताळणीचा मोबदला द्यावाच लागेल. जर्मनीत २००३पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर अनामत आहे, आज ती २५ सेंट आहे आणि बाटल्या परत येतात. ते जर्मनीत जमतं, इथे नाही, असं म्हणायलाही जागा नाही. तामिळनाडूत न्यायालयाच्या रेट्याने सरकारी दारूच्या दुकानांनी २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यापासून बाटलीमागे दहा रुपये अनामत सुरू केली. दारूच्या बाटलीला जमलं ते दुधाच्या पिशवीला का जमू नये? एक उणीव मात्र उरते. जुन्या पिशवीची पुन्हा दुधाची पिशवी होत नाही, फार तर पाइप किंवा कचऱ्याच्या पिशव्या होतात. वर्तुळ अपुरंच, तरी गटारापेक्षा बरं.

रिकामे क्रेट घेऊन परतणाऱ्या टेम्पोत जागा असतेच. सहकारी दूधसंघांनी एखाद्या तालुक्यात त्याच क्रेटमधून पिशव्या परत न्यायला सुरुवात करावी. आणि वाचकहो, तोवर पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका. तो इवलासा त्रिकोण कुठल्याच भंगारवाल्याच्या हाती लागत नाही.