वणव्याचे गणित

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात सड्यावर माजलेले गवत माघ-फाल्गुनापर्यंत पार वाळून जाते. अशा वेळी भाजावळीतून उडालेली ठिणगी किंवा निष्काळजीपणाने टाकलेले विडीचे थोटूक वणवा पेटण्यास पुरेसे होते. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, चढणीवर आग अधिक वेगाने धावते आणि आंबा-काजूच्या बागा पाहता पाहता होरपळतात. कलम चांगले फळास येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. जळण्यास मात्र घटकाभर पुरते.

यावरील जुना उपाय म्हणजे जाळरेषा. दोन्ही कडांचे गवत कापून मधला पट्टा देखरेखीखाली आधीच जाळला, म्हणजे आगीस पुढे सरकण्यास आधार उरत नाही. परंतु सर्वत्र जाळरेषा काढण्याइतके मनुष्यबळ गावापाशी नसते. मग त्या कोठे काढाव्यात, हा प्रश्न गणिताचा होतो. मर्यादित साधनांतून अधिकात अधिक लाभ साधण्याच्या रीतीचा पाया रशियात कांटोरोविच यांनी १९३९ मध्ये व अमेरिकेत डँट्झिग यांनी १९४७ मध्ये घातला. आज अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत वणवा-प्रतिबंधाच्या नियोजनासाठी या रीतीचा अभ्यास होतो.

तिचे मर्म प्राथमिक शाळेतही उलगडता येते. समजा, गावापाशी १२ मनुष्यदिवसांचे श्रम आहेत. सड्यावरील रेषेस ८ दिवस लागतात व तिच्यामुळे ८० कलमे राखली जातात. ओढ्याकाठची व वाटेकडेची अशा दोन रेषांस प्रत्येकी ६ दिवस लागून प्रत्येकी ५० कलमे राखली जातात. रेषा अपुरी राहिल्यास आग त्याच खिंडारातून शिरते. म्हणून अर्धे काम हिशेबात धरू नये. दर दिवसामागे सड्यावरील रेषाच अधिक कलमे राखते, म्हणून विद्यार्थी प्रथम तीच निवडतील. पण मग ४ दिवस वाया जातात व ८० कलमेच राखली जातात. उरलेल्या दोन्ही रेषा काढल्यास १०० राखली जातात.

तथापि हिशेब येथे संपत नाही. समजा, वडीलधाऱ्यांच्या आठवणीप्रमाणे गेल्या १० वर्षांत सड्याकडून ६ वेळा, ओढ्याकडून ३ वेळा व वाटेकडून २ वेळा आग आली. तर वर्षाकाठी सरासरीने सड्यावरील रेषा ४८ कलमे राखील. इतर दोन अनुक्रमे १५ व १०, म्हणजे मिळून २५. उत्तर उलटले! गावकऱ्यांची आठवण हाही गणिताचा आकडाच होय.

शिक्षकांनी हा पाठ दिवाळीनंतर लगेच घ्यावा. विद्यार्थ्यांकडून गावाचा नकाशा काढवून घ्यावा, वृद्धांकडून पूर्वीच्या वणव्यांची माहिती विचारून आणवावी आणि पर्यायांचे कोष्टक करवावे. प्रत्यक्ष जाळण्याचे काम अनुभवी प्रौढांचे आहे. तेथे मुलांना नेऊ नये. तयार झालेले कोष्टक मात्र फळ्यावरच न ठेवता गवत वाळण्यापूर्वी ग्रामसभेपुढे ठेवावे.